कळ दाबून धरा

माझं दुकान चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. जिना अरुंद आणि उभा, त्यामुळे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी धापा टाकतं आणि मग रडगाणं लावतं. रडगाणी ठरलेली असतात. ‘आपोआप बंद पडतो’, ‘कालपर्यंत छान चालत होता’, ‘मी काहीच केलं नव्हतं’. काहीच केलं नव्हतं म्हणणाऱ्यांच्या कीबोर्डातून चहा निथळताना मी पाहिलाय. बावीस वर्षांनंतर माझा माणसांवर फारसा विश्वास उरलेला नाही. पट्टीवर आहे.

पट्टी म्हणजे साधी कागदी चिकटपट्टी. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक लॅपटॉपच्या झाकणावर मी ती लावतो आणि मशीन जितक्या वेळा चालू करीन तितक्या वेळा तिच्यावर वेळ लिहितो, मिनिटासकट. अधूनमधून तोंड दाखवणारा बिघाड असाच पकडावा लागतो. बायको म्हणते, “लग्नाचा वाढदिवस विसरतोस आणि परक्या मशीनचा श्वास न श्वास लिहून ठेवतोस.” आमचं लग्न अरे-तुरेचं आहे. ती गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीत तिच्या बाजूलाही ब्रेक आहे आणि त्या ब्रेकवर पाय ठेवून ती दिवसभर नवशिक्यांशी गोड बोलते. गोड बोलण्याचा तिचा कोटा संध्याकाळपर्यंत संपलेला असतो. तो तोटा माझा.

त्या दिवशी तीनच्या सुमाराला एक काकू जिना चढून आल्या. पंचावन्नच्या पुढच्या, शाळेत भूगोल शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला.

“ह्यांचा आहे,” त्या म्हणाल्या. “ह्यांना जाऊन तीन महिने झाले.”

नवरा भाषांतरं करायचा. कपडे धुण्याची मशीनं, प्रिंटर, पंप, असल्या वस्तूंच्या खोक्यात जी मराठी पत्रकं निघतात आणि कोणी वाचत नाही, ती लिहिणारा माणूस. मुलगी नऊ वर्षांची असताना त्यानं फोनवर तिचा आवाज रेकॉर्ड करून या लॅपटॉपमध्ये ठेवला होता. काकूंना तो हवा होता. मुलगी आता वीस वर्षांची, दुसऱ्या गावी शिकत होती आणि पुढच्या आठवड्यात घरी यायची होती.

“पासवर्ड?”

“मला नाही माहीत हो दादा. हातच लावू देत नव्हते.”

बोलताना त्यांचा हात उजव्या बरगडीखाली गेला. मी पाहतोय म्हटल्यावर त्यांनी ओशाळून काढून घेतला.

“सवय झालीय. अकरा वर्षं दुखलं इथे. रोज कळ यायची. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. हे गेले आणि दुखणंही गेलं. जाताना बरोबर घेऊन गेले बघा.” त्यांचे डोळे भरून आले. “असं लोकांना सांगता येत नाही.”

मी पावती दिली. पट्टी लावली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लॅपटॉप चालू केल्यावर कंपनीचं चिन्ह यायच्या आधी दोनेक सेकंद मिळतात. तेवढ्यात ठरावीक बटण दाबलं तर मशीन नेहमीच्या वाटेनं न जाता पोटातलं पान उघडतं. घड्याळ, पासवर्ड, आधी काय सुरू करायचं, सगळं त्या पानावर. लोक बटण एकदाच दाबतात आणि वाट बघत बसतात. तसं चालत नाही. टकटक टकटक करत राहावं लागतं.

मी टकटक केलं. दहाबारा वेळा. पान उघडलं आणि मी मोठ्यानं हसलो. ते मराठीत होतं.

हजारो मशीनं उघडली असतील मी, पण पोटात मराठी असलेलं हे पहिलंच. एखाद्या कंपनीनं भाषांतर करून बघायला दिलं असेल आणि यानं ते स्वतःच्याच मशीनमध्ये बसवलं असेल, अशी मी समजूत करून घेतली. कीबोर्डला ‘कळफलक’ म्हणणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता, तोही मेल्यावर. बटणाला सगळीकडे ‘कळ’. सर्वांत वर ओळ होती: ‘पुढे जाण्यासाठी कळ द्या.’

दाबा म्हणायचं तर द्या म्हणतोय, मला वाटलं. एवढी पत्रकं लिहून शेवटी भाषा कच्चीच राहिली बिचाऱ्याची. पट्टीवर लिहिलं: ४.१५. पासवर्डला वळसा घालायचे दोन उपाय करून पाहिले, जमले नाहीत. पाच वाजून दोन मिनिटांनी परत चालू केलं. तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. लॅपटॉपचं विचारायला होता, पण आवाज ओढलेला.

“काल घरी पोचले आणि ते परत सुरू झालं हो. सव्वाचारला. एकामागोमाग एक, दहाबारा कळा. सुई टोचावी तशा.”

पट्टी माझ्यासमोरच होती. योगायोग असतो. माझ्या धंद्यात तर रोज असतो.

“आणि पाचनंतर?” मी विचारलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. ‘रोज ठरावीक वेळेला येते का म्हणून विचारलं’ असं. त्यांना ते पटलं. डॉक्टरांनी पूर्वी वेळा मांडून ठेवायला सांगितलं होतं, म्हणाल्या, आता परत मांडते.

खरं तर तिथेच मी थांबायला हवं होतं. पण पडताळून पाहिल्याशिवाय मला जेवण जात नाही. मी अकरा वाजून सात मिनिटांनी मशीन चालू केलं आणि तीनदाच टकटक केलं. अकरा एकतीसला वीसदा. मग बारा वीसला एकदाच, पण जोरात. साडेबाराला फोन केला, ‘एक सुटा भाग मागवलाय’ अशी थाप मारून.

त्यांनी वहीतून वाचून दाखवलं. अकरा सात, तीन कळा, थोडक्यात भागलं. अकरा एकतीस, मोजता आल्या नाहीत, गॅस तसाच ठेवून खाली बसले. बारा वीस, एकच.

“एकच, पण जोरात?”

“हो ना!”

मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. त्या क्षणी मला मजा वाटली, हे मी लपवत नाही.

संध्याकाळपर्यंत मी ते पान शेवटपर्यंत वाचून काढलं. आत गेल्यावर बाणांनी वरखाली कितीही फिरलं तरी कोणाला काही होत नव्हतं, हे मी काकूंना आणखी एकदा फोन करून पक्कं केलं. कळ जायची ती फक्त आत शिरताना. सर्वांत खाली दोन ओळी होत्या. पहिली ‘मालक’ आणि पुढे भाषांतरकाराचं नाव. दुसरी ‘कळ’ आणि पुढे एकच शब्द: ‘पत्नी’.

म्हणजे भाषा कच्ची नव्हती. ‘कळ द्या’ हे त्यानं शुद्धीवर असताना लिहिलं होतं. मशीन अकरा वर्षांचं होतं. अकरा वर्षं हा माणूस रोज सकाळी खुर्चीत बसून टकटक करत होता आणि स्वयंपाकघरातून येणारा आवाज ऐकत होता. नंतर कदाचित डॉक्टरकडेही तोच घेऊन जात असेल. मला त्याचा फोटो पाहावासा वाटला. राग आला, खराखुरा. काकूंची दया आली.

मग मी माझ्या रीतीप्रमाणे वागलो. दुसऱ्याचं कुलूपबंद मशीन हातात असलं की मालकाच्या जागी मी माझं नाव टाकतो, काम संपलं की काढतो. नेहमीचीच गोष्ट. शिवाय माझा हिशेब सरळ होता. मालकच बदलला की त्याची पत्नी कुठली? काकू सुटल्या. मी नाव टाकलं, बदल जतन केला. दुसऱ्या ओळीला हात लावायची गरजच वाटली नाही.

मलाही एक बायको आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा चाळीसला मी मशीन चालू केलं आणि पडताळा म्हणून चांगलं पंधरावीसदा टकटक केलं. काकूंना फोन लावला. “काही नाही हो,” त्या हसून म्हणाल्या, “आज अगदी बरं आहे.” मी खुशीत येऊन खालच्या चष्मेवाल्याला चहा सांगितला.

बारा पंचावन्नला बायकोचा फोन आला. तिच्या मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते.

“गाडी दुभाजकावर चढली. शिकणारी मुलगी ठीक आहे, रडतेय नुसती. मला ब्रेकच दाबता आला नाही रे. इथे, उजव्या बाजूला, बरगडीखाली…”

मी खुर्चीत बसलो.

“कशा होत्या?” मी विचारलं.

“कशा म्हणजे काय? तुला कसं माहीत एकाहून जास्त होत्या ते?”

तिला मी घरी जाऊन झोपायला सांगितलं आणि मशीन उलटं केलं. पासवर्ड, नोंदी, घड्याळ, सगळं पुसायचा एक जुना उपाय आहे. आत नाण्याएवढा सेल असतो. तो काढून तासभर बाजूला ठेवायचा, म्हणजे मशीन सगळं विसरतं. तीन वाजता मी सेल काढला. तासभर वाट बघायची म्हणून खाली चष्मेवाल्याकडे जाऊन उभा राहिलो. फोन वर टेबलावरच राहिला.

चाळीस मिनिटांनी वर आलो तेव्हा अकरा फोन येऊन गेले होते. सगळे शेजारणीचे. बारावा मी उचलला.

“अहो, कुठे आहात? ही जमिनीवर पडलीय. तीन वाजल्यापासून थांबतच नाहीये! हातपाय ताठलेत नुसते.”

फोन कानाला आणि खांद्याला धरून मी सेल परत बसवला. बोट घसरलं, दुसऱ्यांदा बसला.

“थांबलं,” शेजारीण म्हणाली. “आत्ता. बाई गं, आत्ता थांबलं.”

मग मी मीटर लावून पाहिला. सेलमध्ये तीन व्होल्ट असायला हवे, दोन पॉइंट चारच उरले होते. त्या आकाराचा सेल मिळणं कधीच बंद झालंय. मशीन कपाटात बंद करून ठेवलं असतं तरी चार महिने, फार तर सहा. त्यानंतर सेल आपोआप संपला असता आणि मग परत बसवायला काही नसतं.

त्या रात्री मी तिला काही सांगितलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती आणि मला तिची भयंकर काळजी वाटत होती, आणि भीतीही.

सकाळी मी पान पुन्हा उघडायला बसलो. पण बटणावर बोट टेकवायच्या आधीच पडद्यावर नवी ओळ आली होती: ‘मालक एकदा बदलला आहे. पुन्हा बदलण्यासाठी कळ दाबून धरा.’ खाली एक रिकामी पट्टी, भरत जाण्यासाठी आखलेली.

मी बायकोला दुकानात बोलावून घेतलं. गाडी घेऊन येऊ नको, चालत ये म्हटलं. ती आली, धापा टाकत गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली.

“हं. काय एवढं?”

“पाच मिनिटं बस. हात धरून बस खुर्चीचे.”

“का?”

मी बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं.

ती वाकली. आवाज आला नाही, फक्त श्वास आत ओढला गेला आणि बाहेर आला नाही. पडद्यावरची पट्टी कोपऱ्यात नखाएवढी पांढरी झाली.

मी धरून ठेवलं.

खुर्चीचा पाय फरशीवर घासला. ती घसरून गुडघ्यांवर आली. पट्टी पाव भरली.

तिनं मान वर केली. माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या बोटाकडे पाहिलं.

“काढ,” ती म्हणाली.

“थोडं राहिलंय.”

“बोट काढ.”

मी काढलं नाही. सोडलं असतं तर पहिल्यापासून धरावं लागलं असतं, असं मी स्वतःला सांगत होतो. तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

अर्धी.

ती पडद्याकडे पाहू लागली. पट्टी किती भरली ते तीही बघत होती.

पाऊण.

भरली.

मी बोट उचललं. ती फरशीवर आडवी झाली आणि श्वास घेत राहिली.

दोन ओळी उघडल्या होत्या. ‘कळ’च्या पुढचा शब्द बदलता येतो का पाहिलं. यादीत दोनच शब्द होते, ‘पत्नी’ आणि ‘आई’. मला बहीण नाही, मुलगी नाही. माझी आई थोरल्या भावाकडे असते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ‘कोणी नाही’ असा शब्द यादीत नव्हता. मग मालकाच्या जागी मनाला येतील ती अक्षरं ठोकली. ‘असा मालक नाही.’ भाषांतरकाराचं नाव टाकलं. ‘मालक हयात नाही.’

पावतीवर काकूंचं नाव होतं. ते टाकलं.

खालचा ‘पत्नी’ शब्द पुसला गेला आणि त्याजागी दुसरा आला. मी तो निवडला नाही. यादीत तो एकच होता: ‘मुलगी’.

मी एंटर दाबलं.

‘नोंद झाली. यापुढे दर वेळी कळ दाबून धरा.’ आणि पासवर्ड न विचारता मशीन सरळ उघडलं.

बायकोला पाणी दिलं आणि सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. शेवटी तिनं एवढंच विचारलं, “आता कोणाला?”

“त्यांना एक मुलगी आहे.”

तिनं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. “आज देऊन टाक ते,” ती म्हणाली. “इथे नको.”

देण्याआधी रेकॉर्डिंग चालतं का ते पाहायला हवं होतं, माझ्या कामाचा तो भाग आहे. एक फाइल लावली. नऊ वर्षांची मुलगी खंडांची नावं म्हणून दाखवत होती, आईनं शिकवलेली असणार. मध्येच ती थांबली. “बाबा, आई परत ओरडली.” पुरुषाचा आवाज आला, अगदी मायेचा. “हो का? बघू, आता तू कर. एकदा दाबून नाही थांबायचं, बाळा. टकटक करायचं.” मग टकटक ऐकू आली, आणि लांबून एका बाईचा आवाज, आणि मुलीचं हसू. खेळ समजून हसावं तसं.

मी फाइल पुसली नाही. काकूंना सगळे आवाज हवे होते. त्या चार वाजता आल्या, लॅपटॉप अभ्र्यात गुंडाळला आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

“सुखी राहा,” म्हणाल्या.

मधले दिवस आमच्या घरी शांत गेले. गाडी दुरुस्तीला गेल्यामुळे बायको घरीच होती. कळ एकदाही आली नाही. पण मी दिव्याचं बटण दाबायला हात उचलला तरी तिची नजर बोटावर जायची आणि दिवा लागेपर्यंत ती बोलणं थांबवायची.

रविवारी दुपारी आम्ही टेबलाशी बसलो होतो. ती शेंगा सोलत होती. काकूंचा फोन आला. तिनंच पुढे होऊन तो स्पीकरवर टाकला.

“दादा, मुलगी आलीय! इथे शेजारीच बसलीय, तिला तिचा आवाज ऐकायचाय. पण हे काय लिहून येतंय, कळ दाबून धरा? नुसती दाबली तर ती एकदम कळवळली आणि मशीन आहे तिथेच. प्रवासानं पोट बिघडलं असेल तिचं. किती वेळ धरायची असते?”

मी बायकोकडे पाहिलं. तिनं एक शेंग मोडली, दाणे भांड्यात टाकले.

“सांग ना त्यांना,” ती हळू म्हणाली. “पट्टी भरेपर्यंत.”

मी सांगितलं.

“बरं. धरते हं.”

पलीकडे काहीतरी लाकडी घासलं गेलं आणि पडलं. काकूंचा आवाज फोनपासून लांब गेला. “अगं, काय झालं? काय होतंय तुला?” मग परत जवळ आला, घाबरलेला. “दादा, हिला काहीतरी होतंय. आत्ता कुठे अर्धी भरलीय. सोडू का? की धरून ठेवू?”

“धरून ठेवा,” बायको म्हणाली.

मी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं आणि जवळ कागद नव्हता म्हणून तळहातावर वेळ लिहिली.